शिकलेल्या मुलाची कमाई कुणाची?



आईवडील आणि त्यांची तरुण मुलं यांच्यातल्या भांडणावर बोलायचं म्हटलं की आपण लगेच संस्कारांवर येतो. मोबाइल, कपडे, रात्री घरी परतायची वेळ, उलट उत्तरं. असं बोलणं दोन्ही बाजूंना सोयीचं असतं. थोरांना म्हणता येतं की काळ बिघडला आणि धाकट्यांना म्हणता येतं की ही माणसं जुन्या वळणाची. दोघांपैकी कुणालाच पैशाचं नाव घ्यावं लागत नाही. माझं म्हणणं असं की या भांडणाच्या बुडाशी बहुतेक वेळा एक न बोललेला व्यवहार असतो. घराने मुलाच्या शिक्षणावर खर्च केला. त्या शिक्षणातून पुढे जी कमाई उभी राहिली तिच्यावर, आणि तिच्या जोरावर घेतल्या जाणाऱ्या निर्णयांवर, हक्क कुणाचा हे मात्र कधी ठरलं नाही. नोकरी कोणत्या गावात करायची, लग्न कुणाशी करायचं, फ्लॅट कुणाच्या नावावर घ्यायचा, म्हाताऱ्यांनी कुठे राहायचं, हे सगळे वाद त्या न ठरलेल्या प्रश्नाच्या पोटातून निघतात. हा प्रश्न आजचा नाही. आपल्या देशात तो शंभर वर्षांपूर्वी कोर्टात आणि कायदेमंडळात लढवला गेला, तिथे त्याचा निकालही लागला. घराघरांत मात्र तो निकाल अजून पोचलेला नाही.

ती कोर्टातली हकीगत थोडी सविस्तर सांगतो, कारण आजच्या भांडणाची सगळी बीजं तिच्यात आहेत. बंगाल सोडला तर हिंदू घरांना बहुतेक ठिकाणी मिताक्षरेचा कायदा लागू होता. विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्य दरबारात, इ. स. ११०० च्या आसपास लिहिलेली ही टीका. तिच्यानुसार वडिलार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हिस्सा मिळतो. एकत्र कुटुंबाच्या पैशाच्या आधाराने जे कमावलं तेही सर्वांचं. हा नियम शेतीवाडीला आणि दुकानाला ठीक बसत होता. पंचाईत झाली ती इंग्रजी शिक्षण आल्यावर. घरच्या पैशाने शिकून मुलगा वकील झाला, मुन्सफ झाला, तर त्याचा पगार आणि फी कुणाची? भाऊ म्हणाले, आमच्या हिश्शातून तू शिकलास. मुलगा म्हणाला, अभ्यास मी केला. कोर्टांनी यातून वाट काढताना एक चमत्कारिक भेद केला. मुंबई हायकोर्टाने १८८२ च्या एका निकालात सामान्य शिक्षण आणि धंद्यासाठी दिलेलं विशेष शिक्षण वेगळं धरलं. पहिलं प्रत्येक बापाचं कर्तव्य, त्याची परतफेड नाही. दुसरं घराने केलेली गुंतवणूक, तिचं फळ घराचं. म्हणजे मुलगा जितका जास्त शिकेल तितका तो कमी स्वतंत्र! या भेदाची परमावधी १९२१ साली झाली. गोकळचंद विरुद्ध हुकुमचंद या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने घरच्या खर्चाने शिकून सनदी नोकरीत गेलेल्या माणसाची कमाई कुटुंबाची ठरवली. सगळ्या हिंदुस्थानातल्या पदवीधरांच्या पोटात गोळा आला असणार.

तोड काढायचा प्रयत्न त्याच्या कितीतरी आधी झाला होता. मद्रासेत भाष्यम अय्यंगार यांनी १८९१ मध्ये यासाठी विधेयक आणलं, पण गव्हर्नरांची संमती न मिळाल्याने ते बारगळलं. अखेर हे काम एका मराठी बॅरिस्टरने तडीला नेलं. मुकुंद रामराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, त्यांच्या पुढाकाराने १९३० साली हिंदू विद्याधन कायदा संमत झाला. अवघ्या काही कलमांचा हा कायदा आहे, आणि माझ्या मते आपल्या कुटुंबाच्या इतिहासात हिंदू कोड बिलाच्या खालोखाल त्याचं महत्त्व आहे. शिक्षण प्राथमिक असो की तांत्रिक, खर्च घराने सगळा केलेला असो की थोडा, शिकत असताना त्या मुलाला आणि त्याच्या बायकापोरांना घराने पोसलेलं असो, एवढ्या कारणावरून त्याची कमाई कुटुंबाची ठरणार नाही असं त्याने सांगितलं. कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. आपलं इंदूर तेव्हा होळकरांचं संस्थान. पण त्याच्यामागचा प्रश्न सरहद्द मानत नव्हता.

इथून पुढे जुनं बांधकाम एकेक वीट करून उतरत गेलं. १९५६ च्या वारसा कायद्याचा अर्थ लावताना सुप्रीम कोर्टाने १९८६ साली, चंदर सेन यांच्या प्रकरणात, बापाकडून वारशाने आलेली मिळकतही मुलाची स्वतःची ठरवली. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मजात हिस्सा दिला, आणि त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य आहे असं जे तत्त्व शतकानुशतकं चालत आलं होतं, ते तिने नव्या कर्जांपुरतं संपवलं. मुलाची कमाई बापाची नाही आणि बापाचं कर्ज मुलाचं नाही. कागदावर दोघं मोकळे झाले. आणि दोनच वर्षांनी, २००७ मध्ये, संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा करून मुलांना पुन्हा बांधून घेतलं. पंचाहत्तर वर्षं एका दिशेने चाललेल्या कायद्याने असं अचानक तोंड का फिरवलं? आधीचा करार मोडताना त्याच्या जागी काय येणार याचा विचार कुणी केला नव्हता, हे त्याचं उत्तर.

आता आपल्या शहराकडे पाहू. इथल्या मराठी मध्यमवर्गाची एक पिढी होळकरांच्या, मग मध्य भारताच्या आणि १९५६ नंतर मध्य प्रदेशाच्या सरकारी नोकरीत, शाळांत, बँकांत गेली. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर इथली घरं त्या पगारांवर उभी राहिली. त्या पिढीच्या हातात पेन्शन होतं. ज्याला दर महिन्याला पेन्शन येतं त्या माणसाला मुलगा परगावी गेल्याचं दुःख होतं, भीती वाटत नाही. मध्य प्रदेश सरकारने १ जानेवारी २००५ पासून नव्या नोकरांचं जुनं पेन्शन बंद केलं. खाजगी नोकरीत तर ते कधी नव्हतंच. भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतलं किमान पेन्शन महिन्याला १००० रुपये आहे. दुकानदाराला, शिकवण्या घेणाऱ्याला तेवढंही नाही. अशा घरात मुलाचा इंजिनीअरिंगचा खर्च हा नुसता खर्च नसतो, म्हातारपणाची तजवीजही असते. तो भागवायला फंड काढला जातो, शैक्षणिक कर्जात बाप सहकर्जदार म्हणून सही करतो. मग भंवरकुआच्या कोचिंगमधून निघालेला मुलगा पुण्याला, बंगळुरूला, तिथून पुढे परदेशी जातो. शहरात १९९६ पासून आयआयएम आणि २००९ पासून आयआयटी आहे, सुपर कॉरिडॉरवर मोठ्या कंपन्या आल्या. तरीही ज्या पगाराची आशा धरून एवढा खर्च केला तो पगार बहुतेकांना बाहेरच मिळतो. ‘इंदुरातच काहीतरी बघ ना’ या आईच्या वाक्यात माया किती आणि धास्ती किती हे तिलाही वेगळं करून सांगता येणार नाही. मुलाला त्यात फक्त बंधन ऐकू येतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की पैशाचं राहू द्या, सगळ्यात कडवट भांडणं होतात ती लग्नावरून, आणि तिथे प्रश्न जातीचा, धर्माचा, म्हणजे मूल्यांचाच असतो. आक्षेप वजनदार आहे. भारत मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीत आंतरजातीय लग्नांचं प्रमाण सुमारे पाच टक्केच आढळलं होतं. शिक्षण इतकं वाढूनही. पण मूल्यांच्या भांडणात किंमत कोण मोजतो हेही पाहावं लागतं. धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं. कर्वे तेव्हा फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते, पगार स्वतःचा होता, बिऱ्हाड पुण्यात होतं. त्यांच्या मुरुड गावातल्या लोकांनी बहिष्कार घातला, आणि कर्व्यांना घरात घेतलं तर त्यांच्या आप्तांनाही वाळीत टाकायचं ठरवलं. म्हणजे धाडस एकाचं आणि दंड गावात राहिलेल्या आई-भावाला. त्यांच्या नाराजीत सनातनीपणा असेलच, पण त्यांना मुरुडातच राहायचं होतं, हेही त्या नाराजीचं कारण होतं. आजही मुलीने मनासारखं लग्न केलं की ती हैदराबादला जाते, आणि समाजाच्या हळदीकुंकवाला, धाकटीच्या स्थळाच्या बैठकीला तिची आई एकटी जाते. २००६ मध्ये लता सिंह यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की सज्ञान मुलीने मर्जीने लग्न केलं तर आईवडिलांना फार तर संबंध तोडता येतील, मारहाण नि धमक्या देता येणार नाहीत. निकाल योग्यच आहे. आईवडिलांवर जातीचा जो दाब येतो त्याला मात्र कायद्यात उत्तर नाही, आणि तो दाब मुलांना दिसत नाही म्हणून आपले आईवडील नुसते हेकट आहेत असं त्यांना वाटतं. जातीचा अभिमान खरोखर मनापासून बाळगणारी घरं असतात, जीव घेण्यापर्यंत जाणारीही असतात. ती माझ्या युक्तिवादात बसत नाहीत आणि मला त्यांना बसवायचंही नाही. तो गुन्हेगारीचा विषय आहे.

दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे. घरात हिशेब आला की माया गेली. आपली परंपरा सेवेची, आपला विठोबाच पुंडलिकाच्या आईबापांच्या सेवेपायी विटेवर उभा राहिला. परंपरेचा मान ठेवून सांगतो, त्याच परंपरेने मिताक्षरेत मुलाला बापाच्या हयातीतच वाटणी मागायचा हक्क दिला होता. मुंबई इलाख्यात त्याला मर्यादा होत्या, पण हक्क होता. सेवा आणि वाटणी आपल्याकडे हजार वर्षं शेजारी शेजारी नांदली आहेत. आणि हिशेबाने माया जाते हे खरं मानायला इंदुरात तरी जड जावं. १७३४ साली पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगीचं उत्पन्न वेगळं करून दिलं. दौलतीचा हिशेब निराळा, खासगीचा निराळा. गौतमाबाईंनंतर ती खासगी सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली, आणि काशीपासून सोमनाथपर्यंतचा त्यांचा जो दानधर्म आपण अभिमानाने सांगतो त्याचा मुख्य आधार हीच खासगी होती. सासरे आणि सून यांच्यातल्या विश्वासाला या वेगळ्या वहीमुळे तडा गेला नाही. उलट आपल्या नावाचं उत्पन्न असल्यामुळे अहिल्याबाईंना प्रत्येक खर्चासाठी दौलतीकडे तोंड वेंगाडावं लागलं नाही. सरदाराच्या घरातली व्यवस्था साध्या घरात जशीच्या तशी येणार नाही हे उघड आहे. पण सुनेच्या हातात तिचं स्वतःचं उत्पन्न असावं, एवढं शहाणपण या गावाने अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी पाहिलं आहे. आजही कित्येक घरांत सुनेचा पगार सासूच्या हवाली होतो आणि तिला रिक्षाचे पैसे मागावे लागतात. तिथे माया टिकली असं कुणी छातीठोकपणे म्हणेल का?

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ही सगळी मध्यमवर्गाची रडगाणी आहेत. ज्या घरात शिक्षणावर खर्च करायला पैसाच नव्हता तिथे काय? इंदूरचीच हुकुमचंद मिल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. कामगारांची देणी कोर्टकचेऱ्यांत अडकली ती डिसेंबर २०२३ पर्यंत. तेव्हा सुमारे ४८०० कामगारांसाठी २२४ कोटी रुपयांचा धनादेश निघाला. मधली तीन दशकं ती घरं कुणी चालवली? शाळा अर्धवट सोडून कामाला लागलेल्या मुलांनी आणि घरोघरी कामं धरणाऱ्या बायकांनी. तिथे कमाईचा ओघ मुलाकडून बापाकडे सोळाव्या-सतराव्या वर्षीच सुरू झाला. अशा घरातला मुलगा लवकर कर्ता होतो आणि बापाचा शब्द लवकर फिका पडतो. भांडण असतं, पण ते उलट्या बाजूने असतं, आणि त्यात दारू, बेकारी आणि अपमान मिसळलेला असतो. या घरांमुळे माझं म्हणणं खोटं पडत नाही, उलट पक्कं होतं. बापाची हक्काची देणी वेळेवर मिळाली असती तर ती भांडणं इतकी विखारी झाली नसती. आणि देणी कारखान्याने थकवली होती, मुलाने नव्हे.

मराठी रंगभूमीने या विषयावर आपलं मन फार घडवलं आहे, आणि एका बाजूला झुकवून घडवलं आहे. ‘नटसम्राट’ १९७० चं. जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ त्याच दशकातलं. दोन्ही पाहून प्रेक्षागृह रडतं, आणि प्रेक्षागृहात तिकीट काढून बसलेली बहुसंख्य माणसं आईवडिलांच्या वयाची असतात, हे विसरता कामा नये. नाटक म्हणून त्यांची थोरवी मी कमी करत नाही. पण थोडं निष्ठुर होऊन पाहिलं तर ‘नटसम्राट’मधल्या अप्पा बेलवलकरांची शोकांतिका सुरू होते ती निवृत्तीनंतर सगळं किडुकमिडुक मुलांना वाटून टाकण्याने, आणि तेही कुठलीही अट न घालता. आपल्या वागण्यात मोठेपणा आहे असं त्यांना वाटतं. मुलांकडून त्याची परतफेड होईल हे ते गृहीत धरतात आणि बोलत नाहीत. २००७ च्या कायद्याचं तेविसावं कलम नेमकं या माणसासाठी आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. अट लिहिलेली असली पाहिजे की नाही यावर घोळ होता. २०२२ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने अट दाखवावी लागेल असं म्हटलं. २ जानेवारी २०२५ रोजी आपल्याच राज्यातल्या छतरपूरच्या उर्मिला दीक्षित यांच्या प्रकरणात त्याच कोर्टाने कायद्याचा हेतू पाहून उदार अर्थ लावला आणि आईने मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द ठरवलं. आज अप्पा एसडीएमच्या कचेरीत अर्ज घेऊन उभे राहिले तर निदान घर परत मिळू शकेल. स्वगत मात्र मिळणार नाही.

थट्टा बाजूला ठेवतो. या कायद्याने जे साधलं ते मर्यादित आहे, आणि त्याच्या मर्यादेतच त्याचा स्वभाव कळतो. त्याखालचं न्यायाधिकरण मुलांकडून आईवडिलांना जास्तीत जास्त महिना १०,००० रुपये देववू शकतं. दुसऱ्या बाजूला, गरीब वृद्धांसाठीच्या राष्ट्रीय पेन्शन योजनेत केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयासाठी महिना २०० रुपये आणि त्यापुढे ५०० रुपये आहे. दोनशे रुपयांत आज कुणा म्हाताऱ्याचा महिना निघत नाही. सरकारने वृद्धांचा भार उचलण्याऐवजी तो पुन्हा मुलांच्या खांद्यावर टाकला आणि त्याला संस्कृतीचं नाव दिलं, असं म्हटलं तर ते कठोर वाटेल, पण आकडे तेच सांगतात. म्हणून मला या विषयावरची बहुतेक प्रवचनं अपुरी वाटतात. ज्या देशांत म्हातारपणाचं पेन्शन सर्वांना आहे तिथेही मुलं आणि आईवडील भांडतात, अबोला धरतात. पण तिथे मुलाने दुसऱ्या शहरात नोकरी घेणं म्हणजे आईच्या औषधपाण्यावर गदा, असं समीकरण सहसा होत नाही. एकटेपणाचं दुःख तिथे आहेच, कदाचित आपल्याहून अधिक. त्यावर पेन्शन हा उतारा नाही.

मग घराने काय करावं? सरकारची वाट पाहत बसता येत नाही. मुलाच्या कॉलेजच्या फीचा पहिला हप्ता भरतानाच, म्हणजे तो सतरा-अठरा वर्षांचा असतानाच, हे बोलणं व्हायला हवं: यातलं किती आम्ही देऊन टाकतोय आणि किती पुढे म्हातारपणी लागणार आहे. देऊन टाकलं तर ते पुन्हा काढायचं नाही, भांडणात तर मुळीच नाही. अपेक्षा असेल तर ती रकमेत सांगावी, कारण रकमेत सांगितलेली अपेक्षा पुरी करता येते. ‘तुझ्यासाठी खस्ता खाल्ल्या’ या वाक्याची परतफेड कुणाला जन्मात करता आलेली नाही. मुलांनीही या बोलण्यातून पळ काढू नये. बापाच्या फंडावर परदेशात एमएस करायचं आणि नंतर घरी काही विचारलं की ‘मी सज्ञान आहे’ म्हणायचं, हेही अर्धंच खरं असतं. कायद्याने तो बरोबर आहे, जयकरांनी १९३० सालीच त्याची सोय केली. पण कायद्याने सुटलेलं देणं घरात फिटलं असं होत नाही, आणि फेडायचं नसेल तर तसं आधी सांगण्याइतकी सचोटी लागते.

या सगळ्या हिशेबात मुलीची जागा अजून कुठेच धड ठरलेली नाही, आणि पुढच्या वीस वर्षांची भांडणं तिथेच होणार आहेत. मुलीच्या शिक्षणावरचा खर्च आपण आतापर्यंत परतीच्या अपेक्षेशिवाय करत आलो, कारण तिची कमाई सासरची धरली होती. २०२० च्या विनीता शर्मा निकालाने तिचा वडिलार्जित हिस्सा निर्विवाद केला. २००७ च्या कायद्यात मुलं या शब्दात मुलगीही आहे. म्हणजे आईवडिलांना ती देणं लागते. एकुलत्या एक मुलींची घरं आता इंदुरातही गल्लोगल्ली आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आलं. त्यात दहा हजारांची मर्यादा काढायची होती, आणि मुलांच्या व्याख्येत सून व जावई यांनाही घ्यायचं होतं. विधेयक मंजूर न होता लोकसभेबरोबरच संपलं. सुनेने सासू-सासऱ्यांना सांभाळावं यात कुणाला नवं काही वाटलं नसतं. ती बिनकायद्याची सांभाळतेच आहे. पण जावयाला सासू-सासऱ्यांच्या दवाखान्याच्या बिलाची नोटीस एसडीएमकडून आली असती, तर त्या दिवशी आपल्या घरांतून कोणती भाषा ऐकू आली असती, कोण संस्कारांचं नाव घेऊन भांडलं असतं आणि कोण हिशेबाचं, याचा अंदाज आपल्यापैकी प्रत्येकाने स्वतःच्या घरापुरता करून पाहावा.